उपोषणाची भगर

ती. आईस, साष्टांग नमस्कार.

मेसच्या पाणचट वरणाविरुद्ध आम्ही वसतिगृहातल्या मुली आमरण उपोषणाला बसलो, हे मी तुला फोनवर अभिमानाने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तू रनाळ्याहून डबाभर भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन हजर! रेक्टर मॅडमनी हसत विचारलं, "सुटलं का उपोषण?"

तू म्हणालीस, "नही सुटनं, ताई. मीठबी उपासनंच टाकेल शे!"

आंदोलन तुझ्यामुळे मोडलं, असं सगळ्या म्हणतात आणि मी, त्यांची पुढारी, मान डोलावते. खरं म्हणजे पहिला घास मीच घेतला होता. दुसऱ्यांदा वाढूनही मीच घेतलं.

सोमवारी आम्ही पुन्हा बसतोय. तुला कळलं तर तू येशील आणि मी जेवेन, म्हणून हे पत्र टाकत नाही.

घरातली पहिली पदवीधर,
तुझी मोहिनी