एकही औषध लागू नाही

२० मे २०२४, सोमवार
लासूर स्टेशनकडचा पुंजाराम शेततळ्यातले आजारी मासे घेऊन लॅबमध्ये आला. अंगभर लाल चट्टे. म्हणाला, रोज लई मरतायत, कोणतं औषध टाकू ते लवकर सांगा, नाय तर उरलेलं पाणी मोसंबीला सोडतो, झाडं तरी जगतील. मासा उचलताना काटा माझ्या बोटात गेला. किरकोळ.

२१ मे, सकाळी ७
बोट सुजलंय. भीती अजिबात नाही, फक्त झोप लागली नाही. माशात जो जिवाणू, तोच बोटात असणार. प्लेटवर जिवाणू पसरून वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. चकतीभोवती स्वच्छ गोल पडला की ते औषध चालतं. तेच मीही घेणार. डॉक्टरला काय कळतंय.

२२ मे
प्लेट लावली. आठ औषधं. नियमाप्रमाणे शेजारी कंट्रोल प्लेट हवी, म्हणजे या सगळ्या औषधांनी हमखास मरणारा गरीब जिवाणू. वीस वर्षांच्या अनुभवापुढे असले लाड नकोत. अंबिका म्हणते, दवाखान्यात चला. बायको गणिताची शिक्षिका, तिला हा विषय नाही.

२३ मे, सकाळी ९.१०
एकही गोल नाही.

९.२५
भिंग लावून पाहिलं. नाही.

९.४०
पुंजारामला फोनवर कळवलं, एकही औषध लागू नाही. तो बरं म्हणाला. खंबीर माणूस. मीही आहे. विम्याचे कागद अंबिकाला दिसतील असे ठेवले. हात मनगटातून कापतात की कोपरातून, हे नेटवर नीट दिलेलं नाही.

२४ मे
आमच्या विभागात नवीन लागलेल्या अश्लेषा मॅडमनी विचारलं, सर, कंट्रोल? मी हसलो. त्यांनी स्वतःच लावली.

२५ मे
गरीब जिवाणूही धडधाकट. म्हणजे चकत्याच मेलेल्या. तीन आठवडे त्या फ्रीजबाहेर, खिडकीत, बेचाळीस डिग्रीत पडून होत्या. फ्रीजमध्ये माझ्या पाण्याच्या बाटल्या आहेत. गारखेड्यात नळ आठ दिवसांनी येतो, माणसाने करायचं काय? मॅडमनी नव्या चकत्या आणून पुन्हा प्लेट लावली.
संध्याकाळी अंबिकाने हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने चिमट्याने काट्याचं टोक काढलं. तीन मिनिटं. मी घाबरलो नव्हतोच.

२६ मे, रविवार
मॅडमचा फोन. आठपैकी सहा औषधांभोवती गोल. साधं, नेहमीचं औषधसुद्धा चालतं. लगेच पुंजारामला फोन लावला.
मी बोलायच्या आत तोच बोलला. गुरुवारीच मोटर लावून तळं उपसलं, त्यानं आणि त्याची बायको भागूबाईनं मिळून मासे खड्ड्यात पुरले. म्हणाला, साहेब, तुम्ही खरं सांगितलं, उगाच आशेवर ठेवलं नाय. पुढच्या साली मासे सोडायच्या आधी तुम्हालाच विचारायला येतो.
मी म्हटलं, या.
बोट आता दुखत नाही. पण आज मात्र भीती वाटते आहे.