दोन सुपाऱ्या

२ एप्रिल १९८१

गंगावेशीत रशीदचं पोस्टर लागलंय. एकट्याचं! धाकटी खतिजा शाळेतून येताना बघून आली. "अम्मा, दादाचा गिटार घेतलेला फोटो हाय. 'रशीद मुजावर रॉक नाइट'. खाली मस्तानाचं नावच न्हाय."

मस्ताना ऑर्केस्ट्रा यांनी, रशीदच्या अब्बांनी, उभा केला. सगळे यांना फक्रूभाई म्हणत. आधी स्वतः गायचे, मग रशीदला पुढं केलं. पोस्टरवर आधी मस्तानाचं नाव, मग गाणाऱ्याचं – असा यांचा नियम. फेब्रुवारीत हे गेले आणि एप्रिलात नियम गेला.

रशीद म्हणाला, "मस्ताना सोडलेला न्हाय अम्मा. मोकळ्या तारखांना एकटा गातो, एवढंच."



५ एप्रिल

बाळासो आला होता. ड्रम वाजवतो, यांच्यामागं आता मस्ताना तोच बघतो. हे गेल्यापासून माझी इद्दत चालू आहे, परपुरुषासमोर येता येत नाही, म्हणून पडद्याबाहेर बसला.

"वैनी, पोराला मी आडवत न्हाय. पर मस्तानाच्या तारखेला त्यो हजर पायजे. न्हाय आला, तर त्याची जागा मी रिकामी ठेवायचा न्हाय."

बाळासो बोलला की गल्लीला ऐकू जातं. आज इतकं हळू बोलला, की मला कान द्यावा लागला. ते चांगलं वाटलं नाही.

६ एप्रिल

रशीदला सांगितलं. हसला. "माझ्या जागी गाणार कोण? बाळासो?"

९ एप्रिल

दारात गगनबावड्याकडचे पावणे. पिराजी नावाचे म्हातारे, गावच्या जत्रेची सुपारी घेऊन आलेले. वीस तारखेचा कार्यक्रम. रशीद घरात नव्हता. तारखा आता बाळासोकडे असतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. इतकी वर्षं सुपारी याच दारात यायची. अजून येते, याचंच बरं वाटलं. पडद्याआडून खतिजाला म्हटलं, घे.

निघताना म्हणाले, "पोरगा एकटाच पायजे हं बाई. त्यो गिटारवाला. बाकीचं लटांबर नगो."

नारळ-सुपारी तोवर खतिजाच्या हातात होती. सुपारी घेतली की तारीख बांधली गेली.

१० एप्रिल

वीस तारखेला मस्तानाचा कबनूरला कार्यक्रम आहे!

बाळासो दारातूनच बोलला. "दिवाळीत फक्रूभाईंनी सवता हातात घेतलेली सुपारी हाय वैनी." बसला नाही. पाणीही नको म्हणाला.

१२ एप्रिल

रशीद सुपारी परत करायला गगनबावड्याला गेला, तशीच घेऊन आला. पिराजी म्हणाले, "देवाम्होरं ठिवून आणलीया. परत घ्यायला काय बाजारातलं वांगं हाय व्हय?"

१४ एप्रिल

आता रशीद म्हणतो, आधी गगनबावडा, मग जीपनं पार दुसऱ्या टोकाला कबनूर. बाळासोनं खिडकीतून ऐकवलं, "लोकं तवर दगड घिऊन बसत्यात, च्या न्हवं!"

१८ एप्रिल

रशीदचा आवाज बसलाय. हळद-दूध दिलं, तसंच ठेवलं. म्हटलं, एक सोड.

"कुठली सोडू, सांग की."

एक त्याच्या बापानं घेतलेली, एक मी. 

२० एप्रिल

दुपारी जीप आली. जाताना मला सलाम करून गेला. एरवी करत नाही. काही तुटणार आहे, असं आत वाटत राहिलं.

२१ एप्रिल

सकाळी आला. धडधाकट! धुळीनं माखलेला. अल्लाचे आभार मानले.

कबनूरला मात्र पोचलाच नाही. वन्समोअरवर वन्समोअर. निघाला तर पोरांनी जीपच्या चाकांतली हवा सोडलेली. "प्रेमानं सोडली अम्मा," म्हणाला आणि रडायला लागला.

कबनूरहून काहीच कळलं नाही. बाळासोकडे निरोप धाडला. उत्तर नाही.

२२ एप्रिल

बाळासो आला. "एक दगड पडला न्हाय वैनी. तालमीत घेतलेली फक्रूभाईंची टेप हुती. तिला माईक लावला अन् आमी मागं वाजवलं. पब्लिक रडलं की! आता जिकडंतिकडं तेच मागत्यात."

रशीद आत बसून ऐकत होता.

परवा वारणानगरला रशीदच्या जागी हे गाणार आहेत.