डासांच्या गाडीवरचा मास्क

३ जून, मंगळवार. सकाळी ६.१०. हातमोजे धुतोय.

पॅरिशची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, डास मारायची फवारणीगाडी मी चालवतो. क्लोव्हिसकाका मागचं यंत्र सांभाळतात. काल विद्यापीठाची नर्स आली होती. म्हणाली, ज्यांच्या लघवीत या कीटकनाशकांचा अंश जास्त सापडला, ती माणसं पुढे जास्त दगावली – बरीचशी हृदयाच्या दुखण्यानं. मी विचारलं, किती वर्षांत?

"एका बाटलीवरून मरणाची तारीख निघत नाही, आल्सीद."

तारीख नको, साल तरी!

तिनं दोघांना नमुन्यासाठी बाटल्या दिल्या. काका उघड्या हातांनी, मास्कबिस्क न लावता यंत्राला टेकून सॉसेज खात होते. "अरे, लहानपणी आम्ही सायकली घेऊन या धुरामागे पळायचो!"

४ जून. बाटली दिली. झाकण तीनदा तपासलं.

१७ जून. काकांचा आकडा कमी. माझा – चौपट!!

काका हसून हसून खाली बसले. "तुझ्या मापाची शवपेटी सांगून ठेवू का रे?" नर्सनं विचारलं, घरी काही फवारता? मी? मी मुंगीलासुद्धा फुंकर मारून हाकलतो!

१८ जून. छातीत धडधड. युलालीमावशीला सांगितलं नाही. तिनंच मला वाढवलंय, तिला सोसायचं नाही.

"गम्बोचा रस्सा तसाच ठेवलास? प्रेमात पडलास की काय?"

२१ जून, शनिवार. सापडलं!

पहाटे पाणी प्यायला उठलो. मावशी ओसरीवर. खुंटीवरचा माझा मास्क हातात – आणि आतून झुरळांच्या औषधाचा फवारा! मग टोपी. मग हातमोजे, तेही आतून.

"मावशी!! हे काय?"

"दिवसभर डासांत असतोस, चावत नसतील का? नोकरी लागल्यापासून एक दिवस चुकवला नाही हो मी."

ओरडणार होतो. तिचा चेहरा असा फुलला होता की "थँक यू" म्हणून बसलो. मग सगळं समजावलं – यातही आमच्या फवारणीतल्याच जातीचं विष असतं – आणि औषधाचे डबे उचलून गाडीत टाकले.

"मग तुझ्या गादीलाही नको मारू?"

गादी!!!

नर्सला फोन केला. ती म्हणाली, मावशींचाही नमुना आजच आण. मावशीनं बाटली उजेडात धरून बघितली. "अंजिराचा मुरांबा छान राहील हिच्यात."

३० जून. परत तपासलं. माझा आकडा काकांच्याही खाली! दोनदा जेवलो.

३ जुलै. मावशीचा निकाल आला. माझ्या पहिल्या आकड्याच्या तिप्पट. नर्स फोनवर थांबून राहिली, मी काही विचारीन म्हणून. या वेळी साल विचारलं नाही.