शांत माणसाचे थकलेले हप्ते

१ सप्टेंबर, सोमवार

कंपनीचा डॉक्टर म्हणाला, अबू रकान, तुमचं ब्लडप्रेशर बघून मलाच घाम फुटला. राग आला की हात उचलू नका, वही उचला. म्हणून ही वही. वास्तविक मला राग येतच नाही. मी मुळात शांत माणूस. कॅन्टीनच्या मशीनला काल लाथ घातली ती एकच, आणि तीही त्याने पैसे गिळून कप दिला नाही म्हणून. मशीन आधीपासूनच वाकडं होतं.

आज पेन्शनच्या हप्त्याची तारीख. इथे कुवेतमध्ये स्पेअर पार्ट्सच्या गोदामात उभी हयात घासली, पण परक्या माणसाला शेवटी मिळतं ते विमानाचं तिकीट, तेही फक्त जाण्याचं. म्हणून आमच्या जॉर्डन सरकारची ही सोय. परदेशात असलात तरी स्वखुशीने दरमहा हप्ता भरा, म्हातारपणी मरेपर्यंत पेन्शन घ्या, तुमच्यामागे बायकोला. माझं आता वर्षभराचंच राहिलंय. मग गावी, करकला, आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचं, इंतिसारच्या हातची कॉफी प्यायची आणि कुणाच्या बापाला सलाम करायचा नाही.

हप्त्याचे पैसे मी मेव्हण्याकडे पाठवतो, अव्वादकडे. तो करकच्या बँकेत भरतो. फोनवरूनही भरता येतात म्हणे. पण त्या ॲपने तीनदा पासवर्ड चूक म्हटल्यावर जे झालं त्यात ॲपही गेलं आणि फोनही. एप्रिलपासून पाठवण्याचं जरा मागेपुढे झालंय. अव्वाद काही बोलला नाही. तो कशावरच बोलत नाही. मधमाश्या पाळतो. माशी चावली तर तिचीच माफी मागेल असा प्राणी.

संकल्प: मारामारी बंद. गुरुवारी मागचे सगळे हप्ते एकदम.

४ सप्टेंबर, गुरुवार

पैसे पाठवायला गेलो. लांब रांग. एक पैलवान मध्येच घुसला. मी शांतपणे समजावलं. तो म्हणाला, काका, घरी जाऊन झोपा. मग कॉलर धरून समजावलं. तो काउंटरवर पडला, काउंटरची काच खाली पडली. दोष काचेचा. इतकी पातळ काच कोण लावतं?

हप्त्यांचे पैसे काचेला गेले. हरकत नाही, पुढच्या महिन्यात दुप्पट.

इंतिसारने विचारलं, हप्ते गेले का? म्हटलं, गेलेच समज. हे खोटं नाही. पैसे गेलेच आहेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पंधरा दिवस कुणाला हात लावला नव्हता. आज खालच्या मजल्यावरच्याने माझ्या जागेवर गाडी लावली. मी त्याच्या गाडीचा आरसा फक्त आतल्या बाजूला वळवायला गेलो, तर तो तुटून हातात आला. तो खाली आला. त्याचा ओठ फुटला, माझी करंगळी सुजली. म्हणजे बरोबरी. तरी आरशाचे पैसे मीच दिले, कारण मोठ्या मनाचा मीच.

गोदामात शिहादा आहे, माझ्या बरोबरीचा, आमच्याच देशाचा. जीभ कात्री. म्हणाला, अबू रकान, तू पेन्शन सरकारकडे भरतोयस की काचवाल्याकडे? सगळे हसले. मीही हसलो. नंतर त्याचा डबा कुणीतरी फोर्कलिफ्टखाली ठेवला. कुणी ते माहीत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

अव्वादचा फोन आला. इकडची तिकडची विचारपूस. जैतुनाच्या झाडांना यंदा फळं बरी धरलीत म्हणाला.  मग म्हणाला, दाजी, ते हप्त्यांचं... एवढ्यात टीव्हीवरच्या मॅचमध्ये आमच्या गोलकीपरने सरळ हातातला बॉल सोडला. फोन भिंतीवर. हा दुसरा.

इंतिसार शेजारीच बसली होती. ती मागे सरकली, पार भिंतीपर्यंत. मागे का सरकली कळलं नाही. तीस वर्षांत मी तिला बोटही लावलेलं नाही. लावलं फक्त दरवाजाला, टीव्हीला, एकदा फ्रिजला. तिला काही झालं का? मला जरा वाईट वाटलं. म्हटलं, घाबरतेस कशाला, मी आहे ना. ती म्हणाली, म्हणूनच.

बायकांचं बोलणं अर्धवट असतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

इंतिसार माहेरी गेली, जैतून तोडायला. दर वर्षी आठवड्यासाठी जाते. यंदा मोठी बॅग घेतली. एअरपोर्टवर म्हणाली, ते पेन्शनचं एवढं मनावर घ्या अबू रकान, मला म्हातारपणी भावाच्या दारात बसवू नका. म्हटलं, तुझा नवरा मेलाय का? ती टॅक्सीवाल्याकडे बघत राहिली. त्याच्याशी मी भाड्यावरून घालत असलेला वाद अजून संपायचा होता.

नवीन फोनचे पैसे गेल्यामुळे हप्ते पुढच्या महिन्यात तिप्पट. हिशेब सोपाच होतोय. नवा फोन, नवा नंबर. अव्वादला, इंतिसारला नंबर कळवायचा राहिला.

२ नोव्हेंबर, रविवार

गोदामात फोर्कलिफ्टवाल्याने माझ्या पायाजवळ गिअरबॉक्सची पेटी आपटली. मी त्याला खाली उतरवला. तो उतरत नव्हता, म्हणून सीटसकट. त्याने पाना मारला, माझा दात पडला. मी दोनच ठोसे दिले. शिहादा म्हणतो सात. शिहादाला मोजता येत नाही. शर्टभर रक्त, त्यातलं निम्मं माझं नव्हतं.

मालक म्हणाला, अबू रकान, तुम्ही वडीलधारे. पण आता एक जरी झालं तर तिकीट काढून देईन. पगारातून फोर्कलिफ्टची सीट कापली.

डॉक्टरने विचारलं, वही लिहिता का? म्हटलं, रोज. तो खूश झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार

पेन्शन ऑफिसला सहज फोन लावला. बाई अदबीने बोलली. म्हणाली, काका, तुमचे हप्ते एप्रिलपासून थकलेत. येत्या गुरुवारी बँक बंद व्हायच्या आत सगळे आले नाहीत तर ऐच्छिक खातं बंद होईल. आणि एकदा बंद झालं की तुमच्या वयाला परत उघडत नाही.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. एप्रिलपासून! म्हणजे अव्वादने एकही हप्ता भरला नाही!

शांतपणे विचार केला. मी पाठवत नव्हतो हे खरं. पण तो एकदाही ओरडला नाही. ज्याच्याकडे पैसे नसतात तो ओरडतो. हा गप्प राहिला, म्हणजे त्याच्याकडे पैसे होते. ते कुणाचे? अकरा वर्षं मी पाठवतोय, एखादा दिनार जास्तच जात असणार. ते साठवून हा मधमाश्यांच्या पेट्या घेतोय. सरळ आहे. दिसतो गरीब गाय, आणि आतून?

शिहादाला सांगितलं. तो म्हणाला, अरे, गुरुवारपर्यंत वेळ आहे. मी देतो उसने, आज पाठव आणि मोकळा हो. म्हटलं, पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. चोराच्या हातात परत पैसे देऊ? तो म्हणाला, मग दुसऱ्या कुणाच्या हातात दे. ह्याला तत्त्व कळत नाही.

तिकीट काढलं. एवढ्या पैशांत थकलेले हप्ते भरून वर बकरा आला असता. रजा मागितली नाही. मालकाने नाही म्हटलं असतं आणि मला हात उचलावा लागला असता. ते टाळलं. डॉक्टरला सांगायला हवं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. करक, पोलीस चौकी

हवालदाराने पेन दिलं. बरा मुलगा.

सकाळी टॅक्सीने थेट अव्वादच्या दारात. तो इस्त्रीचा शर्ट घालून गाडी सुरू करत होता. एवढ्या सकाळी, एवढा नटून. पळून जायला निघालेला माणूस असाच दिसतो. मला बघून त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, दाजी, बरं झालं आलात, चला बरोबर...

मी त्याला खिडकीतूनच बाहेर ओढला. अर्धा आला, अर्धा अडकला. कपाळ घातलं नाकावर. नाक मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. सुक्या काटकीसारखा. तो रडला नाही, ओरडलाही नाही, फक्त म्हणाला, दाजी, थांबा, ऐका. मी आणखी दोन दिले. मग त्याच्या खिशातून नोटा पडल्या. रबर लावलेला जाडजूड गठ्ठा. रक्तात भिजला. मी तो हातात धरून सगळ्या गल्लीला दाखवला. पुरावा! हे बघा माझे पैसे!

इंतिसार आतून धावत आली. तिच्या हातात जैतून झोडायची काठी होती. गोंधळात ती मला लागली. पाठीवर. गोंधळात चार वेळा.

अव्वादला हॉस्पिटलात नेला. मला इथे आणला. गठ्ठा पोलिसांनी ठेवून घेतला, पुरावा म्हणून. दुपार झाली. समोरच्या बँकेचं शटर खाली येताना इथून दिसलं. म्हटलं, बघा, चोरामुळे आज माझं खातंही गेलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुटलो. गावच्या वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे तीन दिवसांचा तह करून घेतला. तोवर त्यांच्या घरच्यांनी मला मारायचं नाही आणि मी त्यांच्या गल्लीत फिरकायचं नाही. चुलतभावाकडे पडलोय. पाठ सुजली आहे.

सोमवारी मंडळी घेऊन अव्वादच्या घरी समेटाला जायचं. गावातले सगळ्यांत ज्येष्ठ हाजी दैफल्ला पुढे असणार. माझ्या मते माफी त्यानेच मागायला हवी. मला अबू रकान न म्हणता नावाने हाक मारणारे हाजी एकटेच. म्हणाले, मिफ्लेह, तू फक्त एक कर. तोंड बंद ठेव.

मी तयारी म्हणून दोन वाक्यं पाठ केली आहेत. लागतील.

१ डिसेंबर, सोमवार

वीस माणसं अव्वादच्या दिवाणखान्यात. तो कोपऱ्यात. तोंडावर पांढरी पट्टी, दोन्ही डोळे काळेनिळे. बघवत नव्हतं. कुणी इतकं मारतं का?

त्याच्या मुलाने हाजींपुढे कॉफीचा कप ठेवला. हाजींनी हात लावला नाही. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही, ही आमची रीत. हाजी म्हणाले, अव्वाद, तुझं नाक मोडलं, हक्क तुझा. पैसे माग, बकरे माग, ह्याला गावाबाहेर घालव म्हण. तू बोलशील ते होईल.

अव्वाद नाकातून बोलत होता, नीट कळत नव्हतं. म्हणाला, हाजी, मला काही नको. दाजी आहेत ते. फक्त एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगू द्या, नाहीतर माझ्या बहिणीला चोराची बहीण म्हणून ऐकून घ्यावं लागेल. दाजींचे एप्रिलपासून पैसे आले नाहीत. विचारायला फोन केला तर मध्येच तुटला, मग फोनच बंद. मी आणि इंतिसारने जैतून तोडले, तेल काढलं, घरापुरता एक डबा सोडून सगळे डबे विकले. बुधवारी संध्याकाळी शेवटच्या गिऱ्हाइकाने पैसे दिले. गुरुवारी मी बँकेतच निघालो होतो.

 हाजी माझ्याकडे बघत होते. मला माझी पाठ केलेली दोन वाक्यं आठवेनात.

अव्वाद म्हणाला, घ्या हाजी, कॉफी घ्या. मागितलंत ते दिलं. सगळ्यांनी कप उचलले. माझ्यापुढेही कप आला. मी तो उचलला, तोंडापर्यंत नेता येईना म्हणून परत ठेवला. लाज वाटली. एवढी की हे लिहितानाही वाटतेय.

पण त्याला सांगायला काय झालं होतं? गाडीच्या खिडकीतून एवढंच म्हणायचं, बँकेत चाललोय.

म्हणत होता बहुतेक.

३ डिसेंबर, बुधवार

पेन्शन ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईने कागद बघितले. म्हणाली, काका, गुरुवारी बंद झालं. भरलेलं एकरकमी मिळेल. पेन्शन नाही. काच जाडजूड होती. मी तिला हातसुद्धा लावला नाही. बाईला म्हटलं, धन्यवाद. अशी प्रगती आहे.

शिहादाचा मेसेज: मालकाने तुझ्या जागी माणूस घेतला. फोर्कलिफ्टवाल्याचाच भाऊ.

दुपारी अव्वादच्या घरी गेलो. इंतिसार अंगणात बसली होती. मी आत जाऊन स्वतःच कॉफी ओतून आणली, रीतीप्रमाणे तिच्यासमोर बसलो आणि कप न पिता पुढ्यात ठेवला. म्हटलं, माझं एक मागणं आहे. घरी चल.

ती कपाकडे बघत राहिली. म्हणाली, एकटेच मंडळी घेऊन आलात? मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, अबू रकान, तीस वर्षं मी तुमचा आवाज ऐकला की आधी हात कुठे आहे ते बघते. आता अव्वादच्या अंगणात तसं बघावं लागत नाही. उठली आणि आत गेली, त्याची पट्टी बदलायला.

मी कपाला हात लावला नाही. मान्य झाल्याशिवाय प्यायची नसते. आतून अव्वादचा गेंगाणा आवाज आला, अगं, दाजींना म्हण ना कॉफी घ्या. तिचा आवाज आला नाही. पाणी ओतल्याचा आला, कात्रीचा आला.

ऊन अंगणातून भिंतीवर गेलं. भिंतीवरून गेलं. मी बसून होतो. कुणी बाहेर आलं नाही.

शेवटी मीच प्यायलो. थंड झाली होती.