आफ्रिकेतली पंचमी

॥ श्री ॥
केलीव्हिल, सिडनी
१० मे २०२६

चि. सुहासिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पत्राचा फोटो तुझ्या सारंगने फोनवर पाठवला, पोचला. तुला टाइप करायला शीक असं मी सांगणार नाही. धाकट्या बहिणीचं अक्षर बघायला मिळतं, ते काय थोडं आहे? फक्त त्याला म्हणावं, फोटो काढताना अंगठा बाजूला ठेव. तुझ्या गुडघ्यांची सगळी हकीकत त्याच्या अंगठ्याखाली गेली.

इकडे थंडी सुरू झाली. मयूरा मेलबर्नहून रविवारी फोन करते, तिकडेच या म्हणते. एकदा गेलो. लेक दिवसभर हॉस्पिटलात आणि मी तिच्या सोफ्यावर पाहुण्यासारखा. परत आलो. हे घर मोठं आहे, पण मी राहतो स्वयंपाकघरात. टीव्हीही तिथेच आणून ठेवलाय. शेजारचा ग्रेग कचऱ्याचा डबा बाहेर काढताना भेटतो, कसं चाललंय मेट म्हणून विचारतो, मी नो वरीज म्हणतो. काही दिवस तेवढंच बोलणं होतं. मंडळाची बोलावणी येतात, गणपती, दिवाळी, पाडवा. मेधाला जाऊन वर्ष झालेलं नाही एवढं सांगितलं की कोणी आग्रह करत नाही. फार सोयीचं कारण आहे.

आता बातमी. बसून वाच. जुलैत मी आफ्रिकेला चाललोय, मोटारसायकलवरून. नामिबियापासून व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत, बारा-तेरा जणांचा गट, पुढे वाटाड्या, सामानाला वेगळी गाडी. मेधाने आणि मी, दोघांनी नावं घातली होती. तिला वाळवंट बघायचं होतं. ती मागे बसणार होती, पुण्यात येझ्दीवर बसायची तशीच. ती गेल्यावर मी रद्द करायला फोन केला आणि फक्त तिचं नाव काढून घेतलं. असं का केलं ते विचारू नकोस.

वर्षश्राद्धाची काळजी नको. ती गेली तीस जूनला. यंदा तीस जूनला इथल्या गुरुजींना सांगून ठेवलंय. ते उरकूनच निघेन.

घरात सर्वांना यथायोग्य सांग. गुडघे सांभाळ.

तुझा,
दादा


सांगली
२१ मे २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बसूनच वाचलं, तरी चक्कर आली. त्रेसष्टाव्या वर्षी मोटारसायकल! ह्यांना दाखवलं तर ते खूश, म्हणतात पद्माकर भारी माणूस. पुरुषांना काही कळत नाही.

पण माझा राग गाडीवर नाही. वहिनीचं वर्षश्राद्ध तू इंग्रजी तारखेला घालणार आहेस? दादा, ती गेली आषाढ शुद्ध पंचमीला. यंदा अधिक महिना आहे. चार दिवसांपूर्वीच सुरू झाला, माझ्या घरात अनारशांचं पीठ मुरतंय. महिना वाढला की पुढच्या तिथ्या पुढे जातात, हे तुला मी सांगायचं? आषाढातली पंचमी येते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा तू कुठे असशील? वाळूत!

माझ्या बाळंतपणात आई नव्हती, तेव्हा वहिनीने येऊन माझं सगळं केलं. न्हाऊमाखू घातलं, सारंगला मांडीवर घेऊन रात्री काढल्या. तिचं वर्षाचं पाणी चुकलं तर मला आयुष्यभर लागून राहील. ती सहल पुढे ढकल, नाहीतर सोडून दे आणि सांगलीला ये. मयूरालाही आण. आपण इथे सगळं यथासांग करू. गुरुजींना मी शब्द देऊन ठेवलाय.

लोभ आहेच. सध्या रागही आहे. दोन्ही खरे मान.

तुझी,
सुहास


केलीव्हिल
५ जून २०२६

चि. सुहासिनीस,
आशीर्वाद, वि. वि.

चुकलो. अधिक महिना साफ विसरलो. घरात तिथ्या मेधा बघायची, मी फक्त सांगेल ते खायचो. इथल्या गुरुजींनी तारीख लिहून घेतली, त्यांनीही विचारलं नाही. त्यांना आता नको म्हणून कळवलंय.

सहल मात्र ढकलता येत नाही, त्यांचा ऋतू ठरलेला असतो. आणि येत असती तरी मी ढकलली नसती. रागावू नकोस, खरं ते लिहितो. मला त्या पाटावर बसायची भीती वाटते. वर्षश्राद्ध झालं की वर्ष संपलं. मग सगळे म्हणणार, काका, आता बाहेर पडा, माणसांत या. माझ्याकडे सांगायला काही उरणार नाही. आजवर ती नुकतीच गेली होती. पंचमीनंतर ती गेलेलीच असेल. तो दिवस मला या स्वयंपाकघरात नको आणि तुझ्या ओटीवर चार माणसांच्या देखतही नको. गाड्यांच्या आवाजात निघून जाऊ दे.

माझ्या वतीने सारंगला बसव. मामीचा त्याच्यावर जीव होता. मी बरोबर तीळ घेतोय, जिथे असेन तिथे पाणी देईन. तुझा शब्द मोडतोय याचं वाईट वाटतं. पण येत नाही.

अनारसे माझ्या वाटणीचे तुझ्या ह्यांना दे.

तुझा,
दादा


केलीव्हिल
८ ऑगस्ट २०२६

चि. सुहासिनीस,
आशीर्वाद, वि. वि.

सुखरूप आलो. हाडं सगळी जागेवर आहेत. मंडळी चांगली होती, जर्मन, ऑस्ट्रेलियन, एक कॅनडाचं जोडपं. दिवसभर हेल्मेटच्या आत प्रत्येक जण एकटाच असतो, ते मला बरं वाटलं. संध्याकाळी सगळे बायकांना फोन लावायचे तेव्हा मी उगाच साखळीला तेल घालत बसायचो.

पंचमीचं तुला सांगायलाच हवं. त्या गटात एक पद्धत आहे. फाटा आला की वाटाड्याच्या मागचा स्वार तिथे थांबतो आणि मागच्यांना हाताने वळण दाखवतो. शेवटची गाडी येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. ती गाडी सेलमा नावाची तिथलीच एक बाई चालवायची. तिने हात वर केला की सगळे आले असं समजायचं आणि निघायचं. त्या दिवशी फाट्यावर मी थांबलो. सगळे वळून गेले, सेलमा काही येईना. मागे तिच्याच गाडीचा टायर फुटला होता, हे मला नंतर कळलं. सगळीकडे पांढरी माती आणि खडी, झाड म्हणून नाही. म्हटलं, हीच वेळ. तीळ काढले, बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, दक्षिणेला तोंड केलं. गोत्र म्हटलं. पुढे तिचं नाव काही तोंडातून निघेना. तीनदा सुरुवात केली. ओंजळीतलं पाणी तोवर गळून गेलं आणि मी रडलो, सुहास. ती गेली तेव्हा लोकांत होतो, तेव्हा असा रडलो नव्हतो.

तेवढ्यात सेलमा आली. तिने हात वर केला. मी हललो नाही. तिने हॉर्न वाजवला, मग उतरून जवळ आली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी तिला सांगितलं की माझी बायको अजून यायची आहे. इंग्रजीत, अगदी शांतपणे सांगितलं. माझ्या तोंडून ते कसं गेलं, मला माहीत नाही. ती बाई मला वेड्यात काढू शकली असती. तिने मागे रस्त्याकडे बघितलं, परत जाऊन गाडी बंद केली आणि मग आपण थांबू असं म्हणाली. माझ्याशेजारी खाली मातीत बसली. बराच वेळ आम्ही दोघं त्या रस्त्याकडे बघत होतो. शेवटी मीच म्हटलं की निघू या.

पाणी माझ्या हातून दिलं गेलं नाही, हे तुला लपवायचं नाही. तिकडे सारंगने सगळं नीट केलं असेल, त्याला आशीर्वाद. म्हणजे वर्ष संपलं. मंडळाचा विक्रांत गणपतीच्या तयारीला बोलावतोय. फोन वाजतो, मी बघत बसतो.

तुझ्या पत्राची वाट बघतो.

तुझा,
दादा


सांगली
१० ऑगस्ट २०२६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सारंग तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवत होता, मी मधेच फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि आत जाऊन वाचलं.

दादा, इथे काही झालेलं नाही. पंचमीला सगळी तयारी केली होती. गुरुजी आले, सारंग पाटावर बसला. संकल्पाच्या वेळी त्यांनी तुझं नाव घेतलं आणि स्वतः यजमान कुठे आहेत म्हणून विचारलं. मी सांगायला गेले आणि मला सांगता येईना. तू तिकडे एकटा, कुठल्या रस्त्यावर कोण जाणे, आणि इकडे आम्ही वहिनीला पोचवून मोकळं व्हायचं? मी सारंगला उठवलं. गुरुजींची माफी मागितली. ते भले माणूस, म्हणाले, चुकलेली तिथी वद्य एकादशीला किंवा अमावास्येला धरता येते. कुठल्या महिन्यातली, ते मी विचारलं नाही. तुला लगेच कळवलं नाही, कारण तू गाडीवर होतास.

तुझी तयारी होईल तेव्हा ये. घाई मला नाही, गुरुजींना नाही आणि वहिनीला तर कधीच नव्हती. दोघं शेजारी बसू. बायकांनी बसायचं नसतं असं कोणी म्हणालं तर मी बघून घेईन. तू ओंजळ धर, दादा. नाव तुझ्या तोंडून निघालं नाही, तर मी घेईन.

तुझी,
सुहास