लिटरभर पाण्यातली पुडी

गिरड, ता. १४ जुलै

सौ. वर्षालीले तुह्या सासूचा जय भीम.

इकडं सारे बरे हाओत. शेळी व्याली, दोन पिल्लं झाले. तुहा नवरा धर्मेंद्र दिवसभर वावरातच राह्यते. तुह्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा शेवटचा पेपर सुटला का मंगच ही चिठ्ठी दे, असं तिकडं येणाऱ्या शेजारच्या मुकेशले बजावलं हाये. मी फोन काऊन नाई केला म्हणशीन? माह्या आवाजावरून तू ओळखलं असतं.

आता वाच, पण घाबरू नको. तुहा लेक अनुप माह्यापुढं शेळीचा कान ओढून राह्यला.

रविवारी त्याले हगवण लागली. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, रडे तर आसू येत नव्हते, सकाळपासून मुतलाही नव्हता. तू जाताना मी अट घातली होती, पोरगं आजारी पडलं का तुहं शिकणं बंद. फोन उचलला, अन् ठेवला. तू पेपर सोडून धावत आली असती.

शेजारची जिजाबाई म्हणे, "पाणी बंद कर विमले, नाईतर अजून होईन." आपल्याकडं सारे असंच करत आले. मीही पेला बाजूले ठेवला होता.

मंग तुहं पाठांतर आठवलं. सुट्टीत आली तवा चुलीपाशी घोकत होती तू, अन् मी चिडत होती. आतड्याच्या पेशीच्या पडद्याले दारं असतात, एका दारातून मीठ अन् साखर जोडीनंच आत जातात, मागून पाणी जाते. हगवणीतही ते दार चालूच राह्यते. मी आशाताईनं देलेली मीठ-साखरेची पुडी काढली. जिजाबाई म्हणे, "पेलाभर पाण्यातच टाक सारी, जोर येईन." मी म्हणलं, थांब वो माय! काकडीले मीठ लावलं का पाणी सुटते. एवढं खारट पाजलं तर लेकराच्या अंगातलंच पाणी बाहेर येईन! मी लिटरभर पाण्यात कालवली अन् चमचा-चमचा पाजतच दवाखान्यात नेलं. ओकला का जरा थांबली, पुन्हा पाजलं.

डॉक्टरीणबाई म्हणे, "आजी, तुम्ही पाजत राहिल्या म्हणून सलाईन लागली नाही." संध्याकाळी पोरगं माह्या लुगड्यावर धो धो मुतलं! एवढी खुशी मले तुमच्या लग्नातही झाली नव्हती, खरं सांगतो. जिजाबाई गावभर सांगून राह्यली का तिनंच वाचवलं. सांगू दे.

पण मले माहीत हाये कोणं वाचवलं. आता दुसऱ्या वर्षाले बस. कोणी काही बोललं तर माह्याकडं पाठवजो.

पोरगं आजारी पडलं, अन् तुहं शिकणं बंद नाई.

तुही सासू,
विमलाबाई