खैरुद्दीनचा धागा

५ नोव्हेंबर १९९४
उल्हासमामा आज शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर ओरडला — "कॉलेज अर्धवट टाकलंस, निदान फिनिशिंग तरी पुरं कर! सुटा धागा दिसला की काप!" हेच माझं शारजातलं, या रोल्ला बाजारातलं करिअर. कात्री फेकूनच मारणार होतो. तेवढ्यात शहनाझ आली, तिच्या आईनं भरतकाम केलेल्या अबायांच्या बाह्या घेऊन. राग खलास!

१० नोव्हेंबर
पुढच्या बाह्या आणायला तिच्या खोलीवर गेलो. तिची आई, मैमुनाबी, चादर भरत होती. चादरीवर बर्मातलं त्यांचं गाव. तळं, मशीद, सुपारीची झाडं, ओळीनं घरं. "ये हमारा. वो मामू का." बोट असं फिरवत होती, जणू चालतेय. "सब जला दिया," म्हणाली. तेही त्याच आवाजात.

११ नोव्हेंबर
लग्नाचं विचारलं! जिन्यात. शहनाझ म्हणाली, "भाई आएगा, तब उससे पूछना." भाई म्हणजे खैरुद्दीन. तीन वर्षांपूर्वी सैनिकांनी ओझी वाहायला धरून नेला. म्हणजे आता मीही त्याचीच वाट बघायची. बघीन!

१७ नोव्हेंबर
मैमुनाबीची चादर दुकानात आली, कडेला मशीन मारायला. मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शिलाई सरळ, इस्त्री कडक. भरलेल्या घरांच्या बऱ्याच दारांतून लाल धागे लोंबत होते — म्हातारीचं फिनिशिंग कच्चं! एकूण एक कापले. शहनाझ बघेल तेव्हा —

१९ नोव्हेंबर
मैमुनाबीनं चादर पसरली. दारांवरून हात फिरवला.
शहनाझच किंचाळली — "ये क्या किया तुमने?"
मैमुनाबीची रीत अशी : ज्याची खबर नाही, त्याच्या दारात धागा सोडायचा. तो आला की त्याच धाग्यानं दार भरायचं. मेल्याची खबर आली, तर तिनं स्वतः कापायचा.
अकरा धागे. त्यात एक खैरुद्दीनचा.
मामा म्हणतो, "अरे, नवे लाव की!" अंगावर धावून गेलो त्याच्या.

२० नोव्हेंबर
दुकानातला कचरा उपसला. लाल धागे ढीगभर. कुठला कुणाचा?

२६ नोव्हेंबर
शहनाझ आली. डोळे सुजलेले. मैमुनाबीनं दहा धागे पुन्हा ओवले. खैरुद्दीनचा नाही. दोन वर्षांपूर्वीच गावचा एक माणूस येऊन तिला एकटीला त्याची खबर सांगून गेला होता.
"अम्मी को मालूम था. बस, काटा नहीं जाता था."